वतन नव्हे, वारसा!

अमेरिकेत फ्रँक झॅपा नावाचा एक बंडखोर रॉक संगीतकार होऊन गेला. तो १९९३ साली वारला. त्याचा मुलगा ड्वीझिल हाही गिटारवादक. बापाची अवघड गाणी रंगमंचावर वाजवता यावीत म्हणून त्याने दोन वर्षे नव्याने रियाज केला आणि २००६ पासून तो बापाच्या संगीताचे जलसे करू लागला. बापाच्याच एका रचनेच्या वादनासाठी २००९ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पण आईच्या निधनानंतर कुटुंबाच्या ट्रस्टचा कारभार धाकट्या भावंडांकडे गेला. झॅपा हे नाव आणि जलशाचे शीर्षक ट्रस्टच्या मालकीचे, ते परवानगीशिवाय वापरता येणार नाही, असा वाद उभा राहिला. २०१६ साली मुलाला आपल्याच बापाच्या गाण्यांच्या दौऱ्याचे नाव बदलावे लागले.

शाहूवाडीच्या डोंगरकपारीतल्या माणसाला या अमेरिकन भाऊबंदकीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. मलकापूर असो, बांबवडे असो की सरूड, १४ एप्रिलच्या आसपास वस्तीवस्तीत स्टेज बांधले जाते. त्या स्टेजवर बापाची वही हातात घेऊन उभा राहणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. बाप जलशात गात होता, भजनी मंडळात पेटी वाजवत होता, मुंबईच्या चाळीत कव्वालीच्या सामन्याला बसत होता. बाप गेला, गाणे उरले. आता मुलगा गातो. तो कोणत्या अधिकाराने गातो? ते गाणे कोणाचे? त्याच्या घराचे की समाजाचे? झॅपाच्या घरात हा प्रश्न मालकीचा झाला. आपल्याकडे तो त्याहून खोल आहे. कारण आपल्याकडे बापाचे काम मुलाने करणे याला जात म्हणतात.

होय, जातच. गावगाड्यात हलगी वाजवणाऱ्याच्या मुलाने हलगीच वाजवायची, वाजंत्र्याच्या मुलाने सनईच फुंकायची, हा नियम होता. आज कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमके आणि कैताळ यांचा ठेका सुरू झाला की हजारो लोकांच्या अंगात वीरश्री संचारते. पण ती हलगी पिढ्यानपिढ्या ज्याच्या गळ्यात अडकवली गेली, त्याला ती नाकारण्याची मुभा कधी होती काय? जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात सांगितले ते याच अर्थाने. महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले तेही याचसाठी. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात महार वतनाच्या बेड्या तोडायला सुरुवात केली होती. मुंबई राज्यातली ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

मग वतन झुगारणाऱ्या समाजात गायकाचा मुलगा गायक होतो, याचे आपण कौतुक का करतो? हा प्रश्न आडून टोमणा मारणारे पुष्कळ आहेत. त्यांना सरळ उत्तर दिले पाहिजे. वतन आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वतनात नकाराचा अधिकार नसतो, वारशात असतो. वतनात काय वाजवायचे, कोणासाठी वाजवायचे हे गाव ठरवते. वारशात ते गाणारा ठरवतो. सत्यशोधक जलशाने आणि त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशाने हेच केले. वाद्ये तीच, गळे तेच, पण मालक बदलला. गणाच्या जागी महामानवांचे वंदन आले. पाटलाच्या दारात वाजणारी ढोलकी माणुसकीच्या हक्कासाठी वाजू लागली.

याचा पुरावा हवा असेल तर शिंदे घराण्याकडे पाहा. मूळचे मंगळवेढ्याचे हे घराणे. मंगळवेढा म्हणजे जिथे गावकुसाचे काम करताना चोखोबा दगडाखाली गाडले गेले ते गाव. त्याच मातीतले प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आजही आषाढीला देवळादेवळाच्या कर्ण्यातून ऐकू येतो. ज्या पंढरपूरचे दार आपल्या माणसांना १९४७ पर्यंत बंद होते, त्या पंढरपूरच्या वाटेवर हा आवाज वाजतो आणि तोच आवाज जयंतीला वस्तीत भीमगीत गातो. व्यवस्थेला गळा चालला, माणूस चालला नाही! प्रल्हाददादा २००४ साली गेले. पुढे आनंद आणि मिलिंद हे मुलगे गात राहिले, आता आदर्श आणि उत्कर्ष हे नातू गातात. यातली खरी गोम अशी की उत्कर्ष शिंदे हे शिकलेले डॉक्टर आहेत. त्यांनी गायलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. पोटासाठी दुसरी वाट मोकळी असताना ते आजोबांचे गाणे गातात. वतनदाराच्या मुलाला हे स्वातंत्र्य कधीच नव्हते. शिक्षणाने दिलेल्या या निवडीमुळेच वतनाचा वारसा होतो.

दुसरे उदाहरण लोकशाहीर विठ्ठल उमप यांचे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. आंबेडकरी कलावंताला याहून मोठे मरण कोणते? त्यांचे ‘जांभूळ आख्यान’ पुढे मुलगा नंदेश यांनी रंगमंचावर उभे केले. बापाची लकब, बापाची फेक, बापाचा ठसका समोरच्या प्रेक्षकाच्या कानात पक्का बसलेला असतो. अशा प्रेक्षकापुढे मुलाने उभे राहायचे म्हणजे रोज परीक्षा. नुसती नक्कल केली तर लोक म्हणणार, बाप बरा होता. वेगळे काही केले तर म्हणणार, बापाचे गाणे बिघडवले. ही तारेवरची कसरत ज्यांनी केली त्यांचे श्रम आपण ओळखले पाहिजेत.

आणि ज्यांच्या मागे पोटचे लेकरू गायला उरले नाही त्यांचे काय? महाकवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. आज त्यांची गाणी गाणारे हजारो आहेत. ते सगळेच त्यांचे वारस! इथे झॅपाच्या ट्रस्टपेक्षा आपली रीत मोठी ठरते. आपल्याकडे गाणे रक्ताने नव्हे, विचाराने वारसाकडे जाते.

परंतु या रीतीच्या आडून एक मोठा अन्यायही चालतो, त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. गाणे समाजाचे म्हणता म्हणता आपण लिहिणाऱ्याचे नावच पुसून टाकतो. स्टेजवर गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, वाद्यवृंदाचे नाव त्याहून मोठे, देणगीदाराचा फोटो सर्वांत मोठा. आणि कवीचे नाव कुठेच नाही! कॅसेटच्या जमान्यात अनेक कवी-गायकांच्या हातावर एकदाच काही रक्कम ठेवली गेली आणि पुढची कमाई दुसऱ्याच्या खिशात गेली. आज त्याच ध्वनिफिती इंटरनेटवर वाजतात. कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. म्हणजे वामनदादांच्या रचनांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या मानधनाचा वाटा आणखी पक्का केला. पण कायदा कागद मागतो. गाणे कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणाला दिले, याची नोंद मागतो. आपली नोंद कुठे आहे? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, वाळवी लागलेल्या वहीत! शाहूवाडीचा पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या वहीचे चार पावसाळ्यांनंतर काय होते हे सांगायला नको.

वारसा म्हटला की आपण मुलाकडेच पाहतो, हाही एक दोष. जात्यावर, लग्नघरात, विहारात भीमाच्या ओव्या गाणाऱ्या आईचे गाणे कोणाच्या वहीत आहे? छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनी वडिलांकडून गाण्याचे संस्कार घेतले आणि एकतारीवर बाबासाहेब घरोघरी पोचवले. लेकीलाही बापाचे गाणे पेलते, हे त्यांनी दाखवून दिले. हिंदू कोड बिलात लेकीला वारसाहक्क मिळावा म्हणून झगडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी गाण्याच्या वारशातून लेकीला वगळावे, हे शोभत नाही.

काही जुनी मंडळी तक्रार करतात की मुले बापाचे गाणे गिटारवर वाजवतात, रॉक करतात. वाजवू द्या! मुंबईतल्या धम्म विंग्ससारख्या तरुणांनी बुद्ध-भीमाचे विचार रॉकच्या ठेक्यावर मांडलेच आहेत. वाद्य परके नसते, विचार परका होऊ नये. हार्मोनियम तरी कुठे आपल्या मातीत जन्मली होती? मात्र डीजेच्या भिंतीपुढे शब्दच ऐकू येत नसतील तर ते बापाचे गाणे नव्हे, नुसता गोंगाट आहे. शब्द ऐकू आला पाहिजे, कारण आपले गाणे नाचण्यापुरते कधीच नव्हते. ते जागे करण्यासाठी होते.

तेव्हा शाहूवाडी तालुक्यातील जयंती मंडळांनी या वर्षी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव स्टेजवरून जाहीर करावे. गावातील दिवंगत गायक-कवींच्या वह्या आणि कॅसेटी गोळा करून त्यांच्या प्रती काढाव्यात; मूळ वही घरच्यांकडेच राहावी, प्रत विहारात आणि एक प्रत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जावी. आणि स्टेजवर एक तास फक्त अशा मुलामुलींसाठी राखून ठेवावा, जे आपल्या आईबापाचे गाणे गाणार आहेत. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे या सगळ्याचा खर्च किरकोळ आहे.

मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, प्राध्यापक व्हावे. गाणे ही त्यांच्यावर सक्ती नाही, हाच आपल्या चळवळीचा विजय आहे. पण ज्याला गावेसे वाटेल त्याच्या हाती बापाची वही धड पोचली पाहिजे. ती पोचवण्याची जबाबदारी त्या एका घराची नाही, समाजाची आहे.

जयभीम!