डासांची प्रतिकारक्षमता : फवारणीच्या मर्यादा

शहरात डासांचा उपद्रव वाढला की धूरफवारणीची मागणी होते. फवारणीनंतर चार दिवस बरे जातात आणि डास पुन्हा दिसू लागतात. मग औषधात भेसळ असल्याचा संशय घेतला जातो. परंतु औषध निर्भेळ असूनही असे घडू शकते. डासांमधील प्रतिकारक्षमता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

डास औषधाला सरावतो, हा समज बरोबर नाही. असंख्य डासांपैकी मोजक्या डासांची घडण जन्मतःच निराळी असते. काहींच्या शरीरातील विकरे विषाचे विघटन करतात. काहींच्या मज्जातंतूंवरील विषाचे लक्ष्यस्थानच बदललेले असते. फवारणीत इतर डास मरतात, हे वाचतात आणि पुढील पिढ्यांत त्यांचीच संतती वाढत जाते. डी.डी.टी. व पायरेथ्रॉइड गटातील औषधे एकाच लक्ष्यस्थानावर आघात करीत असल्याने, एकाला न जुमानणारा डास दुसऱ्यालाही दाद देईनासा होऊ शकतो.

आपल्या देशाला हा अनुभव नवा नाही. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डी.डी.टी.च्या फवारणीमुळे 1965 पर्यंत रुग्णांची वार्षिक संख्या सुमारे 1 लाखावर आली. 1976 मध्ये मात्र ती 64 लाखांवर गेली. या पीछेहाटीच्या अनेक कारणांत डासांची प्रतिकारक्षमता हे एक होते. 1971 मध्ये सुरू झालेल्या नागरी हिवताप योजनेत डासांच्या अळ्यांच्या नाशावर भर देण्यात आला. शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरी, हौद व गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती घरातील साठवणीच्या भांड्यांत आणि टाकाऊ टायरांत.

कीटकनाशक निरुपयोगी ठरले आहे काय, हे चाचणीने ठरविता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित पद्धतीत डासांना एक तास औषधाच्या संपर्कात ठेवून 24 तासांनी मृत डास मोजतात. मृत्यूचे प्रमाण 98 टक्के वा अधिक असल्यास डास त्या औषधाला बळी पडणारे, तर 90 टक्क्यांहून कमी असल्यास प्रतिकारक्षम समजले जातात. अशा वेळी तेच औषध अधिक फवारणे म्हणजे प्रतिकारक्षम डासांची निवड अधिक वेगाने करणे होय.

यास्तव रसायनांचा वापर चाचणीनंतर, आवश्यक तेथेच आणि गट आलटून पालटून व्हावा. टाक्यांना घट्ट झाकणे, विहिरींत गप्पी मासे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस हे उपाय प्रत्येक नगरपालिकेस, ग्रामपंचायतीस व शाळेस करता येण्याजोगे आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा लागत असल्याने भांडी दर आठवड्यास रिकामी करून घासणे पुरेसे ठरते. घट्ट बसलेल्या झाकणाविरुद्ध कोणत्याही डासाला प्रतिकारक्षमता मिळविता येत नाही.