अडीच डॉक्टर

सकाळी आठच्या ठोक्याला सर्जरीला फोन लावायचा आणि 'रांगेत तुमचा क्रमांक सतरावा' हे ऐकत डबे भरायचे, हे इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच नवीन नाही. भारतातल्या नातेवाइकांना मात्र हे समजावताना 'सर्जरी म्हणजे ऑपरेशन नव्हे, आपल्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना' इथपासून सुरुवात करावी लागते.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या धाकट्याच्या दम्याची तपासणी व्हायची होती. दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा सर्जरीनेच ती रद्द केली. फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याची छाती वाजू लागली. पंप देऊनही धाप कमी होईना. पहाटेपर्यंत आम्ही इस्पितळाच्या इमर्जन्सीत होतो. "पंप नीट ओढतो का, हे शेवटचं कुणी तपासलं?" असं तिथल्या डॉक्टरने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी दोन पानी तक्रार लिहिली. बाईंचा राग, त्यामुळे मुद्देसूद होती!

उत्तरादाखल प्रॅक्टिस मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांनी माफी मागितली आणि रुग्णांच्या गटात या, असं सुचवलं. असा गट ठेवणं 2015 पासून इंग्लंडातल्या प्रत्येक सर्जरीला करारानेच बंधनकारक आहे. मी गेले ते भांडायच्या तयारीनेच.

त्या दिवशी महिनाअखेर होती आणि बाई एक ऑनलाइन तक्ता भरत होत्या. त्याचं नाव नॅशनल वर्कफोर्स रिपोर्टिंग सर्व्हिस. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्जरीत कोण कोण नोकरीत आहे, कोणत्या पदावर आणि आठवड्याला किती तास, हे त्यात भरायचं असतं. डॉक्टर, नर्स, रक्त काढणारे मदतनीस आणि रिसेप्शन यांचे गट वेगवेगळे. पूर्वी ही आकडेवारी तिमाहीची असे, 2021 पासून ती दर महिन्याची झाली.

मला एकदम माझी शाळा आठवली. मंजूर पदे, कार्यरत पदे, रिक्त पदे! 'सरल'मध्ये माहिती भरता भरता आमच्या मुख्याध्यापकांचे डोळे लाल व्हायचे. पण तिथे 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरायची. मुलं घटली की शिक्षक अतिरिक्त. म्हणून मी बाईंना विचारलं, "मग या तक्त्यावरून तुम्हाला डॉक्टर किती मिळणार हे ठरतं का?"

त्या हसल्या. नाही. सर्जरीला पैसे मुख्यतः नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येवर मिळतात, त्यात वय आणि आजारपणाचा हिशेब धरून. त्या पैशांत किती माणसं नेमायची हे सर्जरी चालवणारे भागीदार डॉक्टर ठरवतात. एका डॉक्टरमागे जास्तीत जास्त इतकेच रुग्ण, अशी कायद्याची मर्यादा इथे नाही. म्हणजे हजेरी घेतली जाते, पण हजेरी कमी भरली म्हणून जास्तीचा शिक्षक कुणी पाठवत नाही.

मग मी आमच्या सर्जरीचा हिशेब मांडला. दारावरच्या पाटीवर चार डॉक्टरांची नावं. त्यांची सत्रं आठवड्याला आठ, सहा, पाच आणि चार, म्हणजे एकूण 23. एक सत्र 4 तास 10 मिनिटांचं. नऊ सत्रं म्हणजे साडेसदतीस तास, एक पूर्णवेळ डॉक्टर. 23 भागिले 9, अडीचच्या जरा वर. पाटीवर चार, तक्त्यात अडीच! आणि रुग्ण 9,200. पूर्णवेळ डॉक्टरमागे छत्तीसशे होतात. देशाची सरासरी बावीस-तेवीसशेच्या आसपास आहे.

तक्ता सगळंच सांगतो असंही नाही. त्यात ठरलेले तास जातात. चार सत्रांच्या डॉक्टरबाई संध्याकाळी साडेसातपर्यंत रक्ताचे रिपोर्ट वाचत बसतात, ते जात नाही. (घरी बसून सगळं करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) शिवाय अनेक सर्जऱ्यांनी मिळून नेमलेले फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट त्या समूहाच्या खात्यात मोजले जातात, आमच्या ओळीत दिसत नाहीत.

राजकारणी तर हे आकडे सोयीने वाचतात. 2015 मध्ये जेरेमी हंट यांनी 2020 पर्यंत 5,000 डॉक्टर वाढवू म्हटलं, 2019 च्या जाहीरनाम्यात 6,000 झाले. 2021 च्या नोव्हेंबरात साजिद जाविद यांनी ते लक्ष्य गाठण्याच्या मार्गावर आपण नाही, हे कबूल केलं. शिकाऊ डॉक्टर धरले की आकडा वाढलेला दिसतो. शिक्षण पूर्ण झालेले पूर्णवेळ डॉक्टर मोजले तर 2015 मध्ये ते 29 हजारांवर होते, 2023 मध्ये 28 हजारांच्या खाली. याच काळात रुग्ण मात्र पाच कोटी सत्तर लाखांवरून सहा कोटी वीस लाखांच्या पुढे गेले. हे खोडून काढता येत नाही, कारण मोजणी महिन्याच्या महिन्याला होते आणि छापली जाते.

आणि मला हवं होतं ते उत्तर त्याच तक्त्यात नर्सच्या रकान्यात होतं: 0.53. आठवड्याला वीस तास. दम्याचं प्रशिक्षण घेतलेली नर्स सप्टेंबरातच सोडून गेली होती आणि तिची जागा पाच महिने रिकामी होती. धाकट्याच्या तारखा रद्द झाल्या त्या यामुळे. रिसेप्शनवरच्या मुलीवर मी दोनदा आवाज चढवला होता. तिला हे सांगायची परवानगी नव्हती. मी तिची माफी मागितली, पण तक्रार मागे घेतली नाही. रिकामी जागा रुग्णांना कळवणं एवढं तरी सर्जरीच्या हातात होतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत मी तेच मांडलं: दर महिन्याचा आपला आकडा दर्शनी फलकावर लावा. एका भागीदार डॉक्टरांना ते आवडलं नाही, "लोक घाबरतील" म्हणाले. मी म्हटलं, ही माहिती सरकार सर्जरीनिहाय प्रसिद्ध करतंच, एनएचएसच्या संकेतस्थळावर कुणीही आपल्या सर्जरीची ओळ शोधू शकतं. बरीच वादावादी झाली. शेवटी डॉक्टर आणि नर्स, एवढे दोनच आकडे लावायचं ठरलं.

जूनमध्ये नवी नर्स आली, आठवड्याला पंचवीस तासांची. धाकट्याची तपासणी तिनेच केली. तो पंप ओढताना श्वास रोखतच नव्हता, हे तिला दोन मिनिटांत कळलं. आता फलकावर नर्सपुढे 1.2 असं लिहिलेलं आहे. डॉक्टर अजून अडीचच.