आतल्या खोलीत वायफाय का पोहोचत नाही?

वायफायचा राऊटर आता पुष्कळ घरांत असतो. बाहेरून आलेली तार जिथे संपते तिथेच, म्हणजे दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे, तो बसवलेला असतो. बाहेरच्या खोलीत सारे सुरळीत चालते. पण परीक्षेच्या दिवसांत कुणी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले, की शिकवणीचे चित्र मध्येच थांबते. मग घरातली मंडळी म्हणतात, "राऊटर कमजोर आहे, नवा आणू या." तुम्ही मात्र त्यांना जरा थांबवा. खर्च करण्यापूर्वी मोजून पाहावे, ही विज्ञानाची रीत आहे. आणि मोजण्याचे उपकरण, म्हणजे मोबाइल फोन, घरात आहेच.

प्रथम दोष कोठे आहे ते ठरवू. इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते : बाहेरून राऊटरपर्यंत तारेतून आणि राऊटरपासून फोनपर्यंत रेडिओलहरींवरून. राऊटरपासून दोन मीटरवर उभे राहून एखादी चित्रफीत लावा. तिथेही ती अडखळत असेल, तर दोष बहुधा पहिल्या टप्प्यात आहे. काचतंतूची तार जिला जोडली आहे त्या पेटीवरचा 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर तारेतून पुरेसा प्रकाश येत नाही असे समजावे व इंटरनेट पुरवणाऱ्यांना कळवावे. राऊटरजवळ सारे ठीक आणि आतल्या खोलीत अडचण, असे असेल तर दोष दुसऱ्या टप्प्यातला. तो आपल्याला बराचसा दूर करता येतो.

वायफायच्या लहरी प्रकाशासारख्याच विद्युतचुंबकीय लहरी आहेत. त्यांची एक वारंवारता सुमारे 2.4 गिगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा, म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर येईल. दुसरी वारंवारता 5 गिगाहर्ट्झच्या आसपास असते व तिची तरंगलांबी सुमारे 6 सेंटिमीटर भरते. 1888 मध्ये हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की रेडिओलहरी लाकडी दारातून पार जातात, पण धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात. तुमच्या घरातही हेच घडते. लोखंडी कपाट, फ्रीज, आरशामागचा चकचकीत लेप आणि स्लॅबमधल्या सळ्या या लहरींना अडवतात. पाणी त्यांना शोषून घेते, त्यामुळे भरलेली टाकीच काय, माणसाचे शरीरसुद्धा त्यांच्या वाटेतला अडथळा ठरते.

आता मोजमाप करू. वायफायची तीव्रता दाखवणारी मोफत ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात. मोठ्यांना विचारून त्यांतले एक घ्या. त्यात तीव्रता 'डीबीएम' या एककात, ऋण संख्येने दिसते. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. त्यानंतर दर 10 डीबीएम खाली उतरले, की शक्ती दहापटीने घटते. म्हणजे उणे 40 आणि उणे 70 यांत हजारपटीचा फरक आहे! राऊटर सुमारे 100 मिलिवॅट शक्तीने लहरी पाठवत असेल आणि फोनवर उणे 70 दिसत असेल, तर फोनला त्या शक्तीचा शंभर कोटीवा हिस्सा मिळतो आहे. तेवढ्यावरही तो काम करतो, हे नवलच नाही का? मात्र त्याहून खाली, उणे 80 च्या सुमारास, संपर्क वारंवार तुटू लागतो.

वहीत घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट उभे राहून आकडा लिहा. आकडा सतत हलत असतो, म्हणून मधला घ्या. नंतर राऊटरकडे पाठ करून फोन छातीशी धरा; मग फोन व राऊटर यांच्यामध्ये स्टीलची परात धरा. आकडा किती उतरतो ते पाहा.

नकाशा पुरा झाला, की उपाय आपोआप सुचतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की तीव्रता चौथाई होते. म्हणून राऊटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि कपाटापासून दूर असावा. अँटेनामधून लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात : अँटेना उभा असला तर चोहोबाजूंना भरपूर, पण थेट वर-खाली अगदी कमी. वरच्या मजल्यावर वायफाय हवे असेल, तर दोनपैकी एक अँटेना आडवा करून पाहा. 5 हा आकडा मोठा, म्हणून ते वायफाय दूर जाईल असे मात्र समजू नका. त्याचा वेग जास्त, पण भिंतीत ते अधिक क्षीण होते. आतल्या खोलीत 2.4 ची जोडणी वापरून पाहावी. मात्र मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे 2.45 गिगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे तिच्या शेजारी राऊटर नको.

एवढे करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर वर्धक आणावा. लोक तो नेमका त्या कोरड्या खोलीतच लावतात. पण जे स्वतःलाच ऐकू येत नाही, ते वर्धक दुसऱ्याला कसे सांगणार? जिथे आकडा अजून उणे 60 ते 65 आहे, अशी मधली जागा नकाशावर शोधा व तिथे तो लावा. साध्या वर्धकाला एकाच रेडिओवर आळीपाळीने ऐकावे व बोलावे लागते, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो, हेही ध्यानात असू द्या. त्याहून उत्तम उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढून तिथे दुसरा राऊटर जोडणे. ही तार 100 मीटरपर्यंत चालते. दुसऱ्या राऊटरवर 'ॲक्सेस पॉइंट' हा प्रकार निवडावा. नाहीतर दोन्ही राऊटर उपकरणांना पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो.

राऊटर हलवण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. आतल्या खोलीचा आकडा उणे 78 वरून उणे 68 झाला, तर तेथे दहापट शक्ती पोहोचू लागली, आणि तीही एक पैसा न खर्चता!