किल्ल्या पालकाकडे, हिशेब कोणाकडे?

दुसऱ्याच्या मालमत्तेवर नेमलेल्या पालकाला वा व्यवस्थापकाला किती अधिकार असावेत, याची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. त्याच्याकडून हिशेब कोणी घ्यावा, हा प्रश्न मात्र मागे राहतो. बंगालचा इतिहास चाळताना हा दुसरा प्रश्नच मला अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

भवालच्या खटल्याचे उदाहरण घ्या. १८७९च्या कायद्याने स्थापलेल्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’च्या नावात न्यायालय होते; प्रत्यक्षात ते महसूल मंडळच होते. मालकाला अपात्र ठरवणारे तेच आणि त्याची जमीनदारी चालवणारेही तेच. १९०९ मध्ये दार्जिलिंगला मृत मानले गेलेले भवालचे दुसरे कुमार आपणच, असा दावा १९२१ मध्ये एका संन्याशाने ढाक्यात केला. तेव्हा कोणत्याही न्यायालयात पुरावा तपासला जाण्याआधीच मंडळाने त्याला तोतया घोषित केले. ढाक्याच्या न्यायालयाने १९३६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने १९४० मध्ये आणि प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये तो कायम ठेवला. ताबा ज्याच्याकडे, निवाडाही त्याच्याकडेच असला की काय होते, याचा हा पंचवीस वर्षांचा धडा आहे. महसुली प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने तरी तो विसरू नये.

न्यायालयांच्या देखरेखीखालील व्यवस्था यापेक्षा सावध होती. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, सुज्ञ माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील, तितक्याच काळजीने पालकाने पाल्याची सांभाळली पाहिजे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता वा गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. गरज किंवा पाल्याचे उघड हित असल्याखेरीज न्यायालयाने परवानगी देऊ नये, असेही बंधन आहे.

हा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. प्रौढ मनोरुग्णांसाठी १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशीच तरतूद होती : जिल्हा न्यायालयाने चौकशी करावी, व्यवस्थापक नेमावा, त्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांना मान्यता दिली, हे स्वागतार्हच होते. परंतु जुना कायदा रद्द होताना मालमत्तेचे प्रकरणही गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. नव्या कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधीचे काम उपचारांपुरते आहे. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांपुरता मर्यादित आहे.

परिणामी, भवानीपूरच्या जुन्या घरात स्मृतिभ्रंशाने आजारी असलेल्या वडिलांच्याच ठेवीतून परिचारिकेचा पगार द्यायचा म्हटले, तरी बँक न्यायालयाचा आदेश मागू शकते. मग मुलीने उच्च न्यायालयात रिट याचिका करायची. कोमातील रुग्णांबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पालकाने दर सहा महिन्यांनी व्यवहारांचा अहवाल द्यावा, असे सांगितले. हा मार्ग उपयुक्त आहे. पण मालदा किंवा पुरुलियाच्या कुटुंबाला कोलकात्याचे वकील परवडणार कसे?

सेवा करणाऱ्या लेकीला कागदपत्रांत अडकवू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय हिशेब टाळणे नव्हे, तो सोपा करणे हा आहे. संसदेने हा अधिकार पुन्हा स्पष्टपणे जिल्हा न्यायालयांना द्यावा. छोट्या मालमत्तेसाठी एक पानी वार्षिक विवरण पुरे. घर विकायचे असेल तर मात्र परवानगी अनिवार्य हवी. रुग्णाला जे सांगता येते ते ऐकून घेतले जावे आणि तो बरा होताच पालकत्व संपावे.

हिशेबाची सक्ती प्रामाणिक पालकालाही लाभदायकच असते. उद्या भावंडांनी संशय घेतला, तर न्यायालयात दाखल केलेले ते एक पानच त्याची बाजू मांडेल.