ड्रमर लॅपटॉपमध्ये!

स्टेजवर दोघंच, पण वाजतोय अख्खा बँड. नोकरी सांभाळून वीकेंडला गाणाऱ्या एका जोडीचा हा मिडी फंडा...

शनिवारची रात्र. पुण्यातलं एक रेस्टॉरंट. कोपऱ्यात ती गातेय, तो गिटार वाजवतोय. कानावर मात्र ड्रम्स, बेस, मागे स्ट्रिंग्ज, सगळं काही! शेजारच्या टेबलवरचे काका मान वाकडी करकरून ड्रमर शोधतायत. काका, ड्रमर लॅपटॉपमध्ये आहे.

सोमवार ते शुक्रवार हे दोघं एकाच आयटी कंपनीत. पूर्वी तिघं होते. तिसरा, म्हणजे ड्रमर, ऑनसाइट गेला आणि बँडचं काय करायचं हा प्रश्न पडला. बाजारात मिळणारा मायनस ट्रॅक लावून गायचा सोपा मार्ग होताच. पण ते तिला मान्य नव्हतं. ‘मग आपण कराओकेवालेच झालो ना!’ असं तिचं म्हणणं.

मायनस ट्रॅक आणि मिडी यात फरक काय? मायनस ट्रॅक म्हणजे कालवलेली भेळ. कांदा नको असेल तर वेचत बसा. मिडीत कुरमुरे, शेव, चटणी सगळं वेगवेगळं ठेवलेलं असतं. कारण मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच, फक्त सूचना असतात: कुठला स्वर, कधी दाबला, किती जोरात (० ते १२७ या मापात) आणि कधी सोडला. आवाज काढायचं काम कीबोर्डचं किंवा सॉफ्टवेअरचं. म्हणून सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा ऑडिओ साधारण १० एमबी जागा खातो, तर मिडीतलं अख्खं गाणं काही केबीमध्ये मावतं.

ही भाषा तशी जुनी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका ट्रेड शोमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले आणि ते एकमेकांशी बोलले! त्यामागचे दोघं, रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ, यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. म्हणजे ग्रॅमी यायला तीस वर्षं लागली, प्रमोशनसाठी रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आमच्या जोडीचा पहिला शो मात्र जाम फसला. तिचा घसा बसला होता. ‘अरे, दोन सूर खाली घे ना,’ ती म्हणाली. त्याने सगळे ट्रॅक सिलेक्ट केले, दोन सेमीटोन खाली, झालं! गाणं सुरू झालं आणि तालाचा पार बट्ट्याबोळ. मिडीत एकूण १६ चॅनेल. त्यातलं दहावं, १९९१ च्या ‘जनरल मिडी’ नियमानुसार, ड्रम्सचं. तिथे प्रत्येक नोट म्हणजे एक वेगळं वाद्य. ३८ म्हणजे स्नेअर, ३६ म्हणजे किक. दोन घर खाली सरकवल्यावर स्नेअरच्या जागी किक वाजायला लागली, हाय-हॅटच्या जागी स्नेअर आणि खरी किक गायब! लोकांना वाटलं, हे काहीतरी फ्यूजन आहे. टाळ्यासुद्धा पडल्या.

तेव्हापासून दहावं चॅनेल सोडूनच ट्रान्सपोज. मुखडा, अंतरा, म्युझिक असे गाण्याचे तुकडे पाडून पायातल्या पेडलवर घेतलेत. पब्लिक रंगात आलं की मुखडा पुन्हा फिरवता येतो. लॅपटॉपचं वायफाय बंद, स्क्रीनसेव्हर बंद. सगळ्या फाइल्सची कॉपी पेन ड्राइव्हवर. ‘नोट सोडली’ हा निरोप मध्येच हरवला तर एकच सूर किंचाळत राहतो, त्यासाठी पॅनिक बटण. त्याचं नावच ‘पॅनिक’ आहे, यार! गिटार थेट मिक्सरला जाते, म्हणून बफर मोठा ठेवला तरी त्याचं काही अडत नाही. लॅपटॉपमधले आवाज कीबोर्डवरून वाजवणाऱ्याला मात्र तो लहानच हवा. १०२४ सॅम्पल्सना २३ मिलिसेकंद उशीर होतो आणि बोटांना तो लगेच कळतो.

देशी गाण्यांना मात्र खरी मेहनत. जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत सतार आहे, शहनाई आहे, पण तबला नाही. तो वेगळा मिळवावा लागतो. मींड पिच बेंडने काढायची, आणि ती दोन सुरांपलीकडे न्यायची तर सेटिंग बदलायचं.

पण यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते क्वांटाइझवरून. झालं असं, की जाण्याआधी ड्रमरने इलेक्ट्रॉनिक पॅडवर बारा गाणी वाजवून मिडीत ठेवली होती. म्हणजे लॅपटॉपमधला ड्रमर खराखुरा, हाडामांसाचा. एका रात्री गिटारवाल्याने ती बाराही गाणी एडिट केली. प्रत्येक ठोका ग्रिडवर, एकदम परफेक्ट. आणि वर सेव्हसुद्धा! रिहर्सलला ती दोन ओळी गायली आणि थांबली. ‘हा तो नाहीये,’ म्हणाली. त्याचा स्नेअर नेहमी केसभर मागे पडायचा. त्या केसभर जागेत ती श्वास घ्यायची.

अनडू करायची वेळ निघून गेली होती. दोन दिवस अबोला. शेवटी तिच्याच जुन्या ई-मेलमध्ये त्या मूळ फाइल्स सापडल्या. इवल्याशा असल्यामुळे ड्रमरने सरळ अटॅच करून पाठवल्या होत्या. मग तिने दुसरा विषय काढला. वाजवतोय तो, तर पाकिटाचे वाटे दोन कसे? आता तीन होतात. तिसरा एका डब्यात.

गेल्या महिन्यात ड्रमर सुट्टीवर आला. मागच्या टेबलवर बसून त्याने स्वतःलाच तासभर ऐकलं. शो संपल्यावर तिने डबा पुढे केला. त्याने तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, ‘तिसऱ्या गाण्यात मी केवढा पळतोय! ते तरी सरळ करायचं ना!’

गिटारवाला काही बोलला नाही. त्याने फक्त तिच्याकडे बघितलं.