डाळीतला फॉस्फरस, पाकिटातला फॉस्फरस

मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेल्या रुग्णाच्या हाती पथ्याचा जो कागद पडतो, त्यात डाळी, कडधान्ये आणि शेंगदाणे पुष्कळदा दूध-मांसाच्याच रांगेत दिसतात. निकष एकच लावलेला असतो: शंभर ग्रॅममध्ये फॉस्फरस किती. हा निकष अपुरा आहे. फॉस्फरस कोणत्या संयुगाच्या रूपाने पोटात जातो, यावर त्यातला किती रक्तात उतरेल हे ठरते. आणि पाकीटबंद पदार्थांच्या वेष्टनावर नेमका याचाच पत्ता लागत नाही.

अन्नात आणि शरीरात फॉस्फरस मुख्यतः फॉस्फेटच्या रूपात असतो. फॉस्फेटवर ऋणभार असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम यांचे आयन ते चटकन धरते. उद्योगांनी याच गुणाचा फायदा उठवला. कपडे धुण्याच्या पावडरीतले सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट जड पाण्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम फॉस्फेट दुधाच्या केसीन प्रथिनाला चिकटलेले कॅल्शियम काढून घेते, म्हणून ते चीज तेल न सोडता एकजीव वितळते. गोठवलेल्या कोळंबीत आणि सॉसेजमध्ये पॉलीफॉस्फेटमुळे पाणी टिकून राहते. पेशींना हे संयुग त्याहून फार आधी सापडले. डीएनएच्या साखळीत फॉस्फेटच का, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी 1987मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. ऋणभारामुळे असे रेणू पेशीपटलातून निसटत नाहीत, त्यांचे बंध पाण्यात आपोआप तुटत नाहीत, पण योग्य विकर मिळाले की झटकन तुटतात. पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी याच कसबावर चालते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 700 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला 85 टक्के हाडादातांमध्ये, कॅल्शियमच्या सोबतीने.

कॅल्शियमची हीच ओढ पुढे आजाराच्या मुळाशी येते. निरोगी मूत्रपिंडे जादा फॉस्फेट लघवीवाटे टाकून देतात. त्यांची ताकद घटू लागली की हाडांमधून एफजीएफ-23 हे संप्रेरक जास्त प्रमाणात सुटते आणि उरलेल्या ताकदीतून काम करवून घेते. म्हणून रक्ततपासणीत फॉस्फेट बराच काळ नेहमीसारखे दिसते. पुढे तेही पुरत नाही. रक्तातले फॉस्फेट वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचू लागते. मानवी रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशी प्रयोगशाळेत जास्त फॉस्फेटमध्ये वाढवल्या, तर त्या हाडाच्या पेशींसारखे वागू लागतात, हेही दिसले आहे. डायलिसिसने फॉस्फेट निघते, पण ते मुख्यतः हाडांत आणि पेशींच्या आत असल्याने रक्तात हळूहळूच उतरते. म्हणून जेवणासोबत फॉस्फेट-बंधक गोळ्या देतात, म्हणजे ते आतड्यातच बांधले जाऊन शौचावाटे बाहेर पडावे. सुरुवातीला वापरलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमधला ॲल्युमिनियम मेंदूत आणि हाडांत साचला. त्यानंतर कॅल्शियमची संयुगे आली, पण त्यांचे कॅल्शियमही रक्तवाहिन्यांत जाण्याची धास्ती राहिली. पुढे सेव्हेलेमर, लँथेनम कार्बोनेट आणि लोहाची संयुगे आली.

या गोळ्यांची ताकद मात्र तुटपुंजी आहे. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट साधारण 40 मिलिग्रॅम फॉस्फरस बांधते. प्रक्रिया केलेल्या पदार्थांतून दिवसभरात 400 मिलिग्रॅम जादा गेला, तर तो अडवायला एकेक ग्रॅमच्या दहा गोळ्या हव्यात. आता डाळ पाहू. डाळी-धान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो आणि ते फोडणारे फायटेज विकर आपल्या आतड्यात जवळजवळ नसते. त्यामुळे यातला निम्म्याहून कमी फॉस्फरसच शोषला जातो, तर पाकिटातल्या फॉस्फेट क्षारांतला 90 टक्के आणि त्याहूनही अधिक. अमेरिकेतल्या शेरॉन मो आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांना फॉस्फरसचे प्रमाण सारखे ठेवून आठवडाभर शाकाहारी आणि आठवडाभर मांसाहारी जेवण दिले. शाकाहारी आठवड्यात रक्तातले फॉस्फेट कमी भरले. रुग्ण अवघे नऊ होते, हे खरे. पण 2009मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत डायलिसिसवरचे 279 रुग्ण होते. ज्यांना फॉस्फेट घातलेले पदार्थ ओळखून टाळायला शिकवले, त्यांचे फॉस्फेट तीन महिन्यांत इतरांपेक्षा डेसिलिटरमागे 0.6 मिलिग्रॅमने अधिक उतरले.

यावर आक्षेप आहेत. फॉस्फेट कमी केल्याने आयुष्य वाढते, हे मोठ्या चाचणीने अजून सिद्ध झालेले नाही, हा पहिला आणि वजनदार. तो गोळ्यांनाही तितकाच लागू पडतो, आणि त्या तर आपण देतोच. शिवाय न घातलेल्या क्षाराचे दुष्परिणाम नसतात. दुसरा आक्षेप असा की, मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने फायटिक आम्ल फुटते, आणि डाळींत पोटॅशियमही असते. म्हणून डाळ मोकळी सोडा असे कुणी म्हणत नाही. किती खायची ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील, पण फॉस्फरसच्या भीतीने तिला चीज-सॉसेजच्या पंक्तीला बसवू नये. तिसरा आक्षेप, हे क्षार कायद्याने मान्य आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2019मध्ये शरीराच्या किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा ठरवली, पण मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावलेल्यांना ती लागू नाही, असे त्याच अहवालात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे वेष्टनावर ऊर्जा, साखर, मेद, सोडियम यांचे आकडे असतात. फॉस्फेटचा मागमूस मात्र 338 ते 341 आणि 450 ते 452 अशा क्रमांकांत शोधावा लागतो, आणि प्रमाण तरीही कळत नाही. ते छापणे उत्पादकाला जड जाऊ नये. अशा क्षारांना कमाल मर्यादा असतात आणि त्या पाळायच्या, तर किती घातले याची नोंद त्याला ठेवावीच लागते.