दाण्याविना झणझणीत ठेचा

ताईंनो, ठेच्यात दाण्याचा कूट घातला की तो वाढतो खरा, पण तिखटपणा मरतो. पाव किलो हिरव्या मिरच्यांना 2 गड्डे लसूण, चमचाभर जिरं, जाडं मीठ पुरे. मिरच्या देठासकट धुवा, पुसून सुकवा, मगच देठ काढा; नाहीतर पाणी आत शिरतं. लोखंडी तव्यावर 3-4 चमचे तेलात मिरच्या-लसूण डाग पडेपर्यंत परता. जिरं-मीठ टाकून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडा. मिक्सरमध्ये चटणी होते, ठेचा नाही! मागे आमच्या गटाच्या बरण्या ओल्या चमच्यामुळे बुरसल्या, सगळा माल फेकला. म्हणून थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा. विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबण.